घराला कुलूप, आपण परदेशात आणि बिल चालूच: तुमचे अनुभव सांगा

शाहूपुरीतलं (सातारा) आमचं घर आई-बाबांच्या पश्चात बंद आहे. विकायला मन धजत नाही. मी नेदरलँड्समध्ये, बहीण पुण्यात. विजेचं मीटर आधी बाबांच्याच नावावर होतं, ओटीपी जायचा तो त्यांच्या बंद पडलेल्या नंबरवर. रीडिंग घेणाऱ्याला गेट बंद दिसलं की बिल सरासरीने यायचं. एका बिलावर मीटरच्या जागी आमच्या गेटचा फोटो छापून आला होता, कडी-कुलपासकट! राहायला कोणी नाही, पंखासुद्धा फिरत नाही, तरी युनिट वाढायचेच. शेवटी बहिणीने आधी घरपट्टीला वारसनोंद करून घेतली. मृत्यूचा दाखला, माझं संमतीपत्र आणि नव्या नावाची घरपट्टीची पावती जोडल्यावर मीटरवरचं नाव बदललं. आता शेजारच्या काकू दर महिन्याला मीटरचा फोटो पाठवतात, रीडिंग मी ॲपवर भरते. इतरांनी हे कसं निभावलं, सविस्तर लिहा. आपल्याकडचंही आणि तिकडचंही.

गावभाग, सांगली (सध्या शिकागो)
आमचं मीटर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात बुडालं. पाणी ओसरल्यावर आकडे दिसेनात, काचेच्या आत नुसता गाळ. मीटर बदललं, पण जुन्या मीटरची ‘थकबाकी’ खूप नंतर एकरकमी आली. उन्हाळ्यात सांगलीतली ऑफिसं उघडतात तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, सकाळी लवकर कामावर जायचं असतं. फोन लागला तर उत्तर एकच, "मालकांना घेऊन या."

मग वकिलातीत सही करून मामांच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे आवर्जून लक्षात ठेवा. मामा निवृत्त तलाठी, कागदाला पक्के. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय ते टेबलासमोरून हलत नाहीत. अर्जात त्यांनी वीज कायदा २००३, कलम ५६ लिहिलं. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी देय झालेली रक्कम त्यानंतर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही. आमच्या मधल्या कुठल्याच बिलावर ती नव्हती. सगळ्या बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आणि रक्कम वगळली गेली. मामांसारखं माणूस गावात असणं हे मोठं भाग्य आहे.

मिरज (सध्या स्टुटगार्ट)
इथला प्रकार वेगळा. भाड्याच्या घरात गेलो, दिवे आधीपासून चालू. काही दिवसांनी अशा कंपनीचं पत्र आलं, जिच्याशी आम्ही कसलाच करार केला नव्हता. जर्मनीत वीज वापरायला लागलात की त्या भागातल्या मूळ पुरवठादाराशी आपोआप करार होतो. तो बहुधा महाग पडतो, पण दोन आठवड्यांच्या सूचनेवर सोडता येतो. दर महिन्याला अंदाजे ठरलेला हप्ता जातो, खरा हिशोब वर्षाने. आमच्या वार्षिक हिशोबात आधीच्या भाडेकरूचे युनिट धरले होते. घराचा ताबा घेताना घरमालकासमोर लिहिलेलं रीडिंग आणि त्याच वेळी काढलेला फोटो पाठवला, सुधारित बिल आलं. उत्तर मात्र पोस्टानेच. दारावरच्या पत्रपेटीवर आपलं आडनाव आधी लावा, नाहीतर पत्रं परत जातात.

कोरेगाव (सध्या लीड्स)
ब्रिटनमध्ये कंपनीच्या चुकीमुळे बिल राहिलं असेल तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. २०१८ पासून हा नियम आहे. आम्हाला जुनं बिल आलं तेव्हा लेखी तक्रार केली. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर ऊर्जा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. आमचं प्रकरण तिथवर गेलंच नाही.

विश्रामबाग, सांगली (सध्या दुबई)
रिकाम्या घराचं बिल न भरता वीज तुटू दिली तर चालेल का? घरी सगळे म्हणतात, कशाला उगाच स्थिर आकार भरायचा.

गावभाग, सांगली (सध्या शिकागो)
तसं करू नका. सहा महिने उलटले की जुनी जोडणी परत मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. शिवाय बोअरची मोटर त्याच मीटरवर असेल तर घर साफ करायला आलेल्या माणसाला पाणीसुद्धा मिळणार नाही.