मदत हवी आहे: इंग्लंडमधला ब्रास बँडचा उन्हाळी कोर्स – युफोनियम (मोठं पितळी फुंकवाद्य) सोबत न्यावं की तिथे भाड्याने घ्यावं?

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये यॉर्कशरमधल्या एका निवासी उन्हाळी कोर्सला मला जागा मिळाली आहे. प्रौढ हौशी वादकांसाठीचा, फक्त ब्रासचा, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, आठवडाभराचा कोर्स. सकाळी पूर्ण बँडची तालीम, दुपारी वाद्यांप्रमाणे वेगवेगळे गट, शेवटच्या दिवशी गावातल्या हॉलमध्ये कार्यक्रम. पैसे भरून झालेत, घरचेही खूश आहेत. पण या वाद्यांबद्दल विचारावं असं माझ्या ओळखीत कोणी उरलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

थोडी माहिती देते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. मी मूळची नगरची, आता पुण्यात असते. आमचं कुटुंब मुक्तिफौजेतलं (साल्व्हेशन आर्मी, ख्रिस्ती संस्था). बाबा कोअरच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळीच्या बँडमध्ये ई फ्लॅट बास वाजवायचे, मी शाळेत असताना युफोनियम उचललं. फ्रेडरिक टकर १८८२ साली मुंबईत उतरले तेव्हापासून मुक्तिफौजेबरोबर बँड आपल्याकडे आहे, आणि त्यामुळेच वाजवण्याची पद्धतही अस्सल ब्रिटिश: बी फ्लॅटमध्ये लिहिलेलं ट्रेबल क्लेफचं नोटेशन. तेवढं मला नीट वाचता येतं. मध्ये नोकरी आणि मुलं यांत बरीच वर्षं वाद्य बंद होतं. आता पुन्हा नियमित वाजवते.

आमच्या बँडमध्ये जेमतेम दहा-बारा जण असायचे. ब्रिटिश पद्धतीच्या पूर्ण बँडमध्ये ब्रासवालेच पंचवीस: सोप्रानो धरून दहा कॉर्नेट, एक फ्लुगल, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास. शिवाय तालवाद्यं. ज्या जागा आमच्याकडे कायम रिकाम्या असायच्या त्या सगळ्या भरलेल्या असताना मधे बसून वाजवायचं, एवढ्याचसाठी मी चालले आहे. रेकॉर्डिंगमध्ये टेनर हॉर्न आणि बॅरिटोनचा तो मधला, भरीव थर ऐकला की आपल्या सुराला खालून आधार मिळतोय असं वाटतं. तो प्रत्यक्ष अनुभवायचा आहे.

आता अडचणी.

मुख्य प्रश्न वाद्याचा. माझं युफोनियम जुनं, तीन पिस्टनचं (बोटांनी दाबायच्या कळांचं) आहे. पहिला-तिसरा एकत्र दाबला की डी चढा लागतो, आणि तिन्ही दाबून वाजणारा खालचा सी शार्प तर चांगलाच चढतो. मी ओठांनी ओढून आणते, पण आजूबाजूला पंचवीस जण सुरात असताना ते चालेल का? की तिथे चार पिस्टनचं भाड्याने घ्यावं? चौथा पिस्टन डाव्या हाताने दाबायची मला अजिबात सवय नाही. आठवडाभरात ती सवय होते का?

दुसरं म्हणजे दम. सध्या तासाभराने ओठ सुजल्यासारखे होतात आणि वरचे सूर फुटायला लागतात. कोर्समध्ये रोज पाच-सहा तास वादन आहे. तयारी कशी करू?

तिसरं, व्हिसा कोणता घ्यायचा? कोर्स आहे म्हणून स्टुडंट व्हिसा लागतो असं एका एजंटने सांगितलं. मला ते पटत नाहीये.

कोणी असा कोर्स केला असेल, किंवा तिकडच्या बँडमध्ये वाजवत असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद १

ताई, मनापासून अभिनंदन! मी लीड्सजवळ राहतो आणि आमच्या गावच्या बँडमध्ये टेनर हॉर्न वाजवतो. इथे चॅम्पियनशिप या सर्वांत वरच्या श्रेणीपासून चौथ्या सेक्शनपर्यंत स्पर्धेतले बँड असतात, आणि स्पर्धेत न उतरणारेही पुष्कळ. आमचा त्यातला.

वाद्य भाड्यानेच घ्या, पण आयोजकांना आजच लिहा. बँडकडे पडून असलेली वाद्यं असतात, बऱ्याचदा नुसत्या विनंतीवर मिळतात. 'कॉम्पेन्सेटिंग' युफोनियम हवं असं स्पष्ट सांगा. चौथा पिस्टन दाबला की हवा बाकीच्या पिस्टनच्या जादा नळ्यांमधूनही फिरते आणि खालचे सूर चढत नाहीत. बूझी कंपनीच्या ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढलेली ही युक्ती अजून चालते. तुम्हाला सुरुवातीला दोनच गोष्टी बदलायच्या: डी आणि खालचा जी नुसत्या चौथ्याने, सी शार्प आणि खालचा एफ शार्प दुसरा-चौथा मिळून. आत्तापासून वाद्य न घेता, नोटेशन समोर ठेवून डाव्या बोटाने सराव करा. बोटांना आधी कळलं की तिथे जड जात नाही.

माउथपीस मात्र स्वतःचं आणा, ओठ त्याला सरावलेले असतात. फक्त शँकचं, म्हणजे माउथपीसच्या वाद्यात बसणाऱ्या टोकाचं माप तपासा. जुन्या वाद्यांचा शँक अनेकदा लहान किंवा मधल्या मापाचा असतो, आताच्या युफोनियमना मोठा लागतो. तुमचा लहान निघाला तर तशाच कडेचं आणि कपाचं मोठ्या शँकवालं निघण्यापूर्वी घ्या.

युफोनियमच्या दोनच खुर्च्या असतात. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर 'सेकंड' लिहा. सेकंडचा भाग पुष्कळदा बॅरिटोन आणि बासला धरून चालतो, तुम्हाला जो थर ऐकायचा आहे त्याच्या अगदी आत बसायला मिळेल.

प्रतिसाद २

लष्करी बँडमधून निवृत्त झालो आहे, पचमढीच्या लष्करी संगीत प्रशिक्षण केंद्रात शिकलो. दमाबद्दल सांगतो.

बेटा, ओठ सुजतात म्हणजे माउथपीस दाबून वाजवणं होतंय. एका बैठकीत तास काढू नकोस. वीस मिनिटं वाजव, तेवढीच विश्रांती घे, पुन्हा वीस. दिवसातून तीनदा. सकाळची बैठक फक्त लांब सुरांची, अगदी हळू आवाजात. हळू आवाजात सूर स्थिर राहिला तर फुंक बरोबर आहे. वरचे सूर दिवसाच्या शेवटी घासायचे नाहीत. मुक्तिफौजेत होतीस म्हणजे स्तोत्रांच्या चाली असतीलच, त्या एका श्वासात एक ओळ अशा वाजव. यापेक्षा चांगला रियाज मला माहीत नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि कोर्समध्ये पहिल्या दिवशी जोशात सगळं फुंकून टाकू नकोस, तिसऱ्या दिवशी ओठ जाब विचारतात.

प्रतिसाद ३

एजंट बदला. स्वतःच्या आनंदासाठी केलेला तीस दिवसांपर्यंतचा छंदाचा कोर्स स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, थांबू नका. आयोजकांकडून पत्र मागवा: तारखा, राहण्याची सोय, कोर्स हौशी लोकांसाठी आहे आणि शेवटच्या कार्यक्रमाचं मानधन नाही, हे सगळं त्यात असू द्या. व्हिजिटर व्हिसावर पैसे घेऊन वाजवता येत नाही, म्हणून ते वाक्य महत्त्वाचं.

वाद्य नेणारच असाल तर मुंबईला चेक-इनच्या आधी कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, अनुक्रमांकासकट. नाहीतर परतताना वाद्य तिकडे विकत घेतलं का, यावर वाद होतो. पिस्टनचं तेल ज्वलनशील असतं, ते सामानात नकोच, तिकडेच विकत घ्या.

---

धागाकर्ती

तिघांचेही खूप आभार. काका, तुमचं निदान अचूक आहे, आज आरशासमोर बसून वाजवलं तर दाब स्पष्ट दिसला. वीस-वीस मिनिटांच्या बैठका उद्यापासून.

वाद्य नेत नाही, ठरलं. आयोजकांना कॉम्पेन्सेटिंग युफोनियमबद्दल आणि पत्राबद्दल एकाच मेलमध्ये लिहिलं आहे, सेकंडची खुर्चीही मागितली आहे. माउथपीस मोजलं, शँक मधल्या मापाचा आहे. आता एवढंच सांगा: पुण्यात किंवा मुंबईत मोठ्या शँकचं युफोनियमचं माउथपीस हातात घेऊन, वाजवून बघता येईल असं दुकान कुठे आहे? न वाजवता ऑनलाइन मागवायचं धाडस होत नाहीये.