मदत हवी आहे: पंखावरची पट्टी गायब झालेला वटवट्या कोणता?

नमस्कार मंडळी,

गेला दीड महिना खिडकीसमोरच्या झाडातला एक चिमुकला पक्षी माझा छळ मांडून बसलाय. चिमणीपेक्षा लहान, पाठ मळकट हिरवी, पोट पांढुरकं, डोळ्यावर लांबलचक फिकट भुवई. कायम शेंड्याकडच्या पानांत, आणि एका जागी दोन सेकंद टिकेल तर शपथ. पानाखालचा किडा टिपायला मध्येच पंख फडफडवत अधांतरी थांबतो. माझ्याकडे २१ फोटो आहेत. १८ फोटोंत नुसती पानं, दोनांत शेपूट, एकात पक्षी.

पर्ण वटवट्या (पानांत वावरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा गट) इथवर मी पोचलेय. शिंपी पक्षी नक्की नाही, कारण तांबूस टोपी नाही आणि शेपटी उभी धरत नाही. पुढे गाडी अडलीय. त्या एका फोटोत मिटलेल्या पंखावर बारीक फिकट पट्टी आहे. परवा दुर्बिणीतून नीट पाहिलं तर पट्टीच नाही! पक्षी दोन आहेत की माझे डोळे गेलेत?

आवाज दोन तुकड्यांचा, 'चिस्-विट', तोही दिवसभर. एका ॲपला ऐकवला तर म्हणे पांढरा धोबी पक्षी. जमिनीवर फिरणारा धोबी शेंड्यावर पानं चाळत कशाला बसेल? रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला पुढ्यात बोलावू का?

प्रतिसाद १
हिरवट पर्ण वटवट्या वाटतोय. ॲपला फार बोल लावू नका, या दोघांची हाक खरंच मिळतीजुळती आहे. पट्टीचं म्हणाल तर ती म्हणजे पंखावरच्या छोट्या पिसांची फिकट टोकं. फिकट भागात काळं रंगद्रव्य नसतं, म्हणून तो लवकर झिजतो. पानांत घासून घासून पट्टी पुसट होते, कधी पार जाते. तेव्हा पट्टी नाही म्हणून पक्षी बदलू नका. दोन ठळक पट्ट्या दिसल्या तर मात्र ह्यूमचा पर्ण वटवट्या आहे का ते बघा.

रेकॉर्डिंग वाजवू नका. हे पक्षी हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात, दिवसभराची हाक त्यासाठीच. तुमच्या फोनमधला घुसखोर हुसकावण्यात साधारण ८ ग्रॅमच्या जिवाची ताकद फुकट जाईल.

प्रतिसाद २
पट्टी नसलेला चिफचॅफ, म्हणजे दुसरा एक पर्ण वटवट्या, तोही असू शकतो ना? त्याचे पाय आणि चोच काळी असते, शेपटी सारखी खाली झटकतो. हिरवटाची खालची चोच फिकट असते. खालून बघायचं म्हणजे मान मोडते, पण दुसरा इलाज नाही.

धागाकर्ती
मान मोडून आले. खालची चोच पिवळसर, शेपटी झटकत नाही, हाक तीच. म्हणजे हिरवटच, धन्यवाद! पण खाली बघताना कुंपणाच्या झुडपात एक साधा तपकिरी, लांब चोचीचा दिसला. पंखावर काहीच नाही, नुसतं 'चक्... चक्', दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं.

प्रतिसाद १
ब्लिथचा बोरू वटवट्या असणार. त्याचा फोटो मागत नाही, माझ्याकडेही फक्त झुडपाचेच आहेत.