रजेनंतर रुजू होताना दूध काढायला वेळ आणि जागा लेखी कशी मागावी?

जाईजुई:
बाळंतपणाची रजा संपते तेव्हा बाळ अंगावर पीतच असतं. कामाच्या ठिकाणी दूध काढायला वेळ आणि जागा हवी असं तोंडी सांगितलं की 'बघू, करू ॲडजस्ट' एवढंच उत्तर मिळतं आणि पुढे ते कुणालाच आठवत नाही. लेखी मागायचं तर नेमकं काय मागावं? किती वेळा, किती मिनिटं? 'वॉशरूममध्ये काढा' म्हणाले तर काय सांगावं? आणि मागणी केली म्हणून काम काढून घेतलं किंवा अप्रेझल खाली आणलं, तर ते सिद्ध कसं करायचं?

ओसरी:
पत्र रुजू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी द्या. 'योग्य ती सोय करावी' असं लिहू नका, मोघम मागणीला मोघमच उत्तर येतं. आकडे लिहा. साधारण दर ३ तासांनी दूध काढावं लागतं, म्हणजे ८ तासांच्या पाळीत दोन ते तीन वेळा. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप असेल तर प्रत्यक्ष काढायला १५ ते २० मिनिटं लागतात. पंप जोडणं, धुणं, बाटलीवर तारीख-वेळ लिहिणं आणि जागेवर परत येणं धरलं की अर्धा तास होतो. संकोचून १५ मिनिटंच मागितलीत तर रोज उशीर होणार, आणि तोच उशीर पुढे अप्रेझलमध्ये तुमच्या नावावर चढणार.

जागेचंही तसंच. आतून कडी लागणारं दार, खुर्ची, पंप ठेवायला टेबल, प्लग, जवळपास हात धुवायला पाणी आणि दूध ठेवायला फ्रीज. खोलीत कॅमेरा नसावा हे वेगळं लिहा, मीटिंग रूममध्ये तो बऱ्याचदा असतो. मीटिंग रूमच देत असतील तर ठरलेल्या वेळांचं कायमचं बुकिंग मागा, नाहीतर ऐन वेळी आत दुसरेच लोक बसलेले असतात. वॉशरूमला मात्र स्पष्ट नकार द्या. बाळाच्या पोटात जाणारी वस्तू तिथे भरायची नाही, एवढं एक वाक्य पुरतं.

निर्झरा:
'एखादी वेळ चुकली तर काय बिघडलं' हेही ऐकावं लागतंच, म्हणून कारणं माहीत असू द्या. दूध साठून राहिलं की स्तन तटतात, दगडासारखे लागतात, गाठी होतात. तसंच राहिलं तर स्तनदाह होतो. एक भाग लाल आणि गरम होतो, हुडहुडी भरते, ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो, आणि मग आजारपणाची रजा घ्यावीच लागते. शिवाय स्तन रिकामे झाले नाहीत तर शरीर दूध बनवणं कमी करतं. रोज एक वेळ चुकत गेली की दूध हळूहळू आटायला लागतं.

आणि कडी ही चैन नाही. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे, आणि ताणाखाली तो अडतो. कुणीतरी दार ढकलेल या धास्तीत बसलेल्या बाईचा पंप चालू राहतो आणि बाटलीत चार थेंब पडतात. अशा वेळी पंपाचा जोर वाढवू नका, त्याने दूध वाढत नाही, स्तनाग्रं मात्र सोलवटतात.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ४ दिवस, आणि गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह बंद थर्मल पिशवीत २४ तास. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. आत, मागच्या बाजूला ठेवा.

टाचण:
आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार आहे. त्याच्या कलम १० नुसार स्तनपानासाठी रोज एक किंवा अधिक वेळा सुट्टी किंवा कामाच्या तासांत कपात मिळायला हवी, आणि तो वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यायचा असतो. कलम ८ म्हणतं की रजेनंतर तीच जागा किंवा तेवढ्याच पगाराची समकक्ष जागा मिळावी, आणि या काळात नोकरीवरून काढलं तर त्याचं कारण गरोदरपण, बाळंतपण किंवा स्तनपान नव्हतं हे मालकाने सिद्ध करावं. करार मंजूर केलेल्या देशांवरच तो बंधनकारक असतो, म्हणून पत्रात आपल्या देशाच्या कायद्याचं कलमही घाला.

पुराव्याचं बोलायचं तर, खरं कारण कुणी कागदावर लिहून देत नाही. तुम्हाला आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवून दाखवावं लागतं. म्हणून गरोदर असल्याचं मेलवरच कळवा, म्हणजे तारीख पक्की होते. त्याआधीची अप्रेझल आणि कामाचं स्वरूप जपून ठेवा. टार्गेटही तपासा, कारण रजेचे महिने न वगळता पूर्ण १२ महिन्यांचं टार्गेट लावून 'कामगिरी घसरली' म्हणणं हा नेहमीचा प्रकार आहे.

तोंडी काही सांगितलं तर त्याच दिवशी मेल करा: 'आज दुपारी ३ वाजता झालेल्या बोलण्यानुसार अमुक प्रकल्प माझ्याकडून काढण्यात येत आहे. बाळ लहान असल्याने मला झेपणार नाही, असं कारण सांगण्यात आलं. माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे.' उत्तर आलं नाही तरी हा मेल कामाला येतो.

प्रती फक्त स्वतःच्या कागदांच्या ठेवा. ग्राहकांच्या गोपनीय फायली घरच्या मेलवर पाठवल्यात तर काढून टाकायला त्यांना आयतं कारण मिळेल. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून राजीनामा तर मुळीच देऊ नका. आणि तक्रारीला मुदत असते, कधी कधी काही महिन्यांचीच, ती पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

जाईजुई:
खूप उपयोग झाला. गरोदरपणातच 'हलकं काम' देतो म्हणून बाजूला काढलं तर?

ओसरी:
तिथे बऱ्याचदा डॉक्टरांचं प्रमाणपत्रच आडवं येतं. त्यावर नुसतं 'हलकं काम द्यावे' असेल तर कंपनी म्हणते, हलकं काम नाही, बिनपगारी रजेवर जा. डॉक्टरांना नेमकं लिहायला सांगा: किती किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, सलग किती वेळ उभं राहायचं नाही, रात्रपाळी चालेल की नाही, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत. त्याखाली 'याव्यतिरिक्त सर्व नेहमीचे काम करण्यास सक्षम' ही ओळ हवीच. ती नसेल तर प्रमाणपत्र परत लिहून घ्या.