मदत हवी आहे: कॅले संघाचा २००० सालचा फ्रेंच कप

नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीतल्या फुटबॉलवेड्या पोरांना १९९९-२००० च्या कूप द फ्रान्सची गोष्ट सांगायची आहे, त्यासाठी मदत हवी आहे.

कॅले हा तेव्हा चौथ्या श्रेणीतला हौशी संघ. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. त्यांनी लिल आणि कान यांना पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं, मग स्ट्रासबूर्गला २-१. उपांत्य फेरीत समोर होता आदल्या मोसमाचा लीग विजेता बोर्दो. तो सामना लांसच्या मैदानावर झाला आणि जादा वेळेत कॅलेने ३-१ असा मारला! ७ मे २००० ला स्ताद द फ्रान्सवर अंतिम सामन्यात ड्युतित्रने नांतविरुद्ध पहिला गोलही केला. पण नांतच्या सिबिएर्स्कीने बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर कप नेला. त्यानंतर नांतचा कर्णधार लांद्रोने कॅलेच्या कर्णधाराला बरोबर घेऊन कप उचलला. मला तर हे दृश्य गोलांपेक्षा मोठं वाटतं, पोरांना तेच आधी दाखवायचंय.

बोर्दोविरुद्धचा सामना पूर्ण कुठे बघायला मिळेल? मला तुकडेच सापडतात. आणि फ्रान्समध्ये राहणारं किंवा फ्रेंच नीट वाचणारं कुणी असेल, तर कॅलेच्या खेळाडूंच्या त्या वेळच्या मुलाखती शोधून मराठीत थोडक्यात सांगाल का? कोण काय काम करायचं, सुट्टी कशी मिळवायची, एवढं कळलं तरी चालेल. २०१७ मध्ये तो क्लबच बंद पडला, त्यामुळे त्यांच्याकडे विचारायची सोय नाही.