चढणीच्या रस्त्यावरील 48 व्होल्ट गोल्फ कार्ट: लेड-ॲसिड बॅटऱ्यांची निवड आणि निगा

माडाची_वाडी (गुहागर) – प्रश्न

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्राकाठी आमचे छोटे पर्यटक निवास आहे. खोल्या वर सड्यावर आहेत आणि तेथून पुळणीपर्यंत उतरणारा जांभ्याचा रस्ता चांगलाच चढणीचा आहे. वयस्कर पाहुणे आणि त्यांचे सामान यांची ने-आण करण्यासाठी आमच्याकडे सहा आसनांची 48 व्होल्टची गोल्फ कार्ट असून तिच्यात 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आहेत. त्यांना चार वर्षे होत आली. अलीकडे संध्याकाळच्या फेरीला चढावर गाडीचा वेग एकदम पडतो, चार्जर पूर्वीपेक्षा लवकर बंद होतो, आणि सहापैकी एका बॅटरीला इतरांपेक्षा बरेच जास्त पाणी लागते.

येथील एका विक्रेत्याने इन्व्हर्टरसाठी मिळणाऱ्या 12 व्होल्ट, 150 एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेच्या चार उंच ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या धन पट्ट्यांच्या) बॅटऱ्या बसवण्याचा सल्ला दिला आहे. त्या सहज मिळतात आणि दुरुस्तीची सोयही जवळ आहे, हे खरे. पण वाहनाला त्या चालतील का? शिवाय जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत आमचे निवास बंद असते, त्या काळात बॅटऱ्या कशा ठेवाव्यात, आणि पाणी नेमके कोणते घालावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जांभा_चिरा (रत्नागिरी)

नमस्कार. आपण बेरजेने विचार केला तर 12 व्होल्टच्या चार, 8 व्होल्टच्या सहा किंवा 6 व्होल्टच्या आठ, कोणत्याही मार्गाने 48 व्होल्ट होतात. फरक पडतो तो आत किती शिसे आहे आणि ते किती वेगाने विद्युतप्रवाह देऊ शकते यामुळे. गोल्फ कार्टच्या नेहमीच्या मापांत 6 व्होल्टची बॅटरी साधारण 225 एएचची, 8 व्होल्टची 170 एएचच्या आसपास आणि 12 व्होल्टची 150 एएचची असते. म्हणजे पूर्ण संचाची साठवण अनुक्रमे सुमारे 10.8, 8.2 आणि 7.2 युनिट भरते. यातील निम्मीच रोज वापरावी असे धरून चालावे, कारण बॅटरी जितकी खोल उतरवाल तितकी तिची एकूण आवर्तने (चार्ज होऊन उतरण्याच्या फेऱ्या) कमी होतात, आणि क्षमतेच्या 80 टक्क्यांहून जास्त तर ती कधीच उतरवू नये.

आता आपल्या चढणीचा हिशेब पाहा. माणसांसह गाडीचे वजन 900 किलो धरले आणि चढ दहास एक असला, तर ताशी 15 किलोमीटर वेगाने वर जाताना मोटार व कंट्रोलरमधील घट धरून बॅटरीतून 115 ते 120 ॲम्पिअर ओढले जातात. तोच चढ ताशी 10 किलोमीटरने घेतला तर सुमारे 80 ॲम्पिअर पुरतात. बॅटरीवर लिहिलेली एएचची संख्या बहुधा वीस तासांत सावकाश उतरवण्याच्या मापाने दिलेली असते. 150 एएच म्हणजे वीस तास सतत साडेसात ॲम्पिअर. त्याच्या दहा-पंधरा पट प्रवाह ओढला की हाती येणारी साठवण बरीच कमी होते. म्हणून खरेदी करताना वीस तासांच्या आकड्यावर न थांबता, 75 ॲम्पिअरच्या सततच्या भाराला बॅटरी किती मिनिटे टिकते हा आकडा विक्रेत्याकडून मागून घ्यावा. वाहनासाठी बनवलेल्या डीप सायकल (वारंवार खोलवर उतरून पुन्हा चार्ज होणाऱ्या) बॅटरीच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो.

इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी घरात एका जागी बसून सावकाश वीज देण्यासाठी बनवलेली असते. तिची उंची 40 सेंटिमीटरच्या वर जाते, तर आपल्या आसनाखालची जागा 28 सेंटिमीटरच्या बॅटरीसाठी आहे, त्यामुळे आसनाचा सांगाडा कापल्याशिवाय ती बसणारही नाही. जवळच्या बाजारात मिळणारेच हवे असेल तर ई-रिक्षासाठी बनवलेल्या 12 व्होल्टच्या बॅटऱ्या पाहाव्यात. त्या निदान हादरे आणि रोजची चढ-उतार लक्षात घेऊन केलेल्या असतात. तरीही आपल्या रस्त्याला माझी पसंती 8 व्होल्टच्या सहा किंवा, जागा व स्प्रिंगा परवानगी देत असतील तर, 6 व्होल्टच्या आठ बॅटऱ्यांना राहील. आठांचे वजन सव्वादोनशे किलोच्या घरात जाते, हे मात्र उतारावरच्या ब्रेकच्या दृष्टीने ध्यानात घ्यावे.

खरेदीपूर्वी एक करा. रात्रभर चार्ज करून, काही तास स्वस्थ ठेवून, प्रत्येक सेलची (बॅटरीतील 2 व्होल्टच्या कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडच्या द्रावणाची पाण्याच्या तुलनेतील घनता, हायड्रोमीटरने मोजून येथे लिहा.

वीजतंत्र_शिक्षक (चिपळूण)

पाण्याचा प्रश्न कोकणात विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर असते आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत क्षाराचा अंश उतरतो. बॅटरीला हे दोन्ही घातक आहेत: लोहामुळे बॅटरी उभ्या उभ्या उतरू लागते, तर क्लोराइडमुळे धन पट्टीची जाळी खाल्ली जाते. पाणी उडून जाते, पण त्यासोबत आत गेलेले क्षार कधीच बाहेर येत नाहीत. प्रत्येक भरणीबरोबर त्यांचे प्रमाण वाढतच जाते. म्हणून विहिरीचे, नळाचे, पत्र्यावरून पन्हाळीत आलेले पावसाचे किंवा पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी वापरू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी अनेक ठिकाणी सर्रास वापरले जाते, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून आणि धूळ साचलेल्या पात्यांवरून आलेले असते, म्हणून तेही टाळावे. सीलबंद डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्यावे आणि प्लॅस्टिकच्याच नरसाळ्याने भरावे.

पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, कारण चार्ज होताना द्रावण फुगते आणि आधीच काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर येऊन ट्रे गंजवते. आधी प्लेटा उघड्या पडलेल्या दिसल्या तर तेवढ्या बुडतील इतकेच पाणी घालून चार्जिंग सुरू करावे. कमी झालेल्या पातळीची भरपाई ॲसिडने कधीही करू नये.

ग्रॅव्हिटी मोजताना दोन गोष्टी पाहाव्यात. गोल्फ कार्टच्या बॅटरीची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी 27 अंशांना साधारण 1.265 ते 1.280 असते, पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक ट्युब्युलर बॅटऱ्यांची ती 1.240 च्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे उत्पादकाचा आकडा आधी पाहावा. दुसरे, द्रावण 27 अंशांपेक्षा गरम असेल तर प्रत्येक अंशाला 0.0007 मिळवावेत. 37 अंशांना वाचन 1.260 आले तर खरी ग्रॅव्हिटी 1.267 असते, आणि मे महिन्यात हा फरक नगण्य नसतो.

चार्जर लवकर बंद होण्याचे कारणही सांगतो. प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसला की व्होल्टेज वेगाने चढते आणि बॅटरी भरली असे समजून चार्जर थांबतो. लेड-ॲसिड बॅटरीला उतरलेल्या अवस्थेत ठेवणे हेच सर्वांत हानिकारक आहे. मोबाइलबाबत पूर्वी सांगितले जाई तसे "पूर्ण उतरू द्या, मग चार्ज करा" हे येथे मुळीच लागू नाही. दिवसाचे काम संपले की, थोडीच वापरली असली तरी, पूर्ण चार्ज करावी. मध्येच वीज गेली तर ती आल्यावर चार्जरने काम पुन्हा सुरू करून शेवटपर्यंत नेले का, हे सकाळी अवश्य पाहावे. चार्जिंगची जागा हवेशीर ठेवावी: हवेत 4 टक्के हायड्रोजन जमला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो, त्यामुळे बंद खोलीत किंवा देवघराच्या दिव्याशेजारच्या पडवीत गाडी लावू नये.

माडाची_वाडी (गुहागर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तापमानाची दुरुस्ती करून वाचने घेतली. पाच बॅटऱ्यांच्या सर्व सेलची ग्रॅव्हिटी 1.245 ते 1.260 आहे, जास्त पाणी पिणाऱ्या सहाव्या बॅटरीत एक सेल 1.185 दाखवतो, बाकीचे तीन 1.240 च्या आसपास आहेत. फक्त तीच एक बॅटरी बदलली तर चालेल का?

जांभा_चिरा (रत्नागिरी)

एका बॅटरीतील सेलांमध्ये 0.030 पेक्षा जास्त फरक असेल तर आधी इक्वलायझिंग करावे, म्हणजे पूर्ण चार्जनंतर प्रति सेल 2.6 व्होल्टच्या आसपास नियंत्रित जादा चार्ज द्यावा आणि दर तासाला ग्रॅव्हिटी पाहत, ती वाढायची थांबली की बंद करावा. यासाठी चार्जरमध्ये तशी सोय हवी, आणि डोळ्यांना चष्मा व हातांत रबरी मोजे हवेत. आपला फरक 0.055 आहे. इतका फरक इक्वलायझिंगनेही भरून आला नाही तर तो सेल गेला असे समजावे.

संच पहिल्या वर्षातला असता तर एकच बॅटरी बदलण्यास हरकत नव्हती. चार वर्षांच्या पाच बॅटऱ्यांत एक नवी घातली की प्रवाह साऱ्यांतून सारखाच वाहतो, पण जुन्या लवकर उतरतात आणि चार्जर त्यांच्या चढलेल्या व्होल्टेजवर थांबतो. नवी रोज थोडी अपुरी राहून स्वतः अकाली म्हातारी होते. पूर्ण संच एकदम बदलावा, सर्व बॅटऱ्या एकाच उत्पादनाच्या आणि जवळच्या तारखांच्या असाव्यात. दुकानात कित्येक महिने पडून राहिलेला माल टाळण्यासाठी बॅटरीवरील उत्पादनाचा संकेत वाचून घ्यावा. नव्या बॅटऱ्या सुरुवातीचे काही आठवडे पूर्ण क्षमता देत नाहीत. तोवर फेऱ्या लहान ठेवाव्यात.

खाडीकाठ (मालवण)

पावसाळ्याविषयी लिहितो. आमच्या वाडीतही जून ते ऑगस्ट गाडी उभी असते. बंद करण्यापूर्वी पूर्ण चार्ज करावे, पाण्याची पातळी पाहावी, मग झाकणे घट्ट लावून बॅटऱ्यांचा वरचा भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. खाऱ्या वाऱ्याने येणारा मिठाचा ओलसर थर वीजवाहक असतो आणि दोन टर्मिनलांमध्ये बारीक गळती सुरू ठेवतो. मल्टीमीटरची एक पिन टर्मिनलवर आणि दुसरी झाकणाच्या पृष्ठावर टेकवली की ती व्होल्टेजरूपाने दिसतेसुद्धा. बॅटरी जमिनीवर ठेवल्याने उतरते हा समज मात्र आताच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांना लागू नाही. फळी घालायची ती पाण्यापासून बचावासाठी.

टर्मिनल व लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) तारेच्या ब्रशने घासून, घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावून मग लग बसवू नये. हिरवट-निळी बुरशी दिसली तर ती ॲसिडने खाल्लेल्या तांब्याची असते. लगाखालची वायर आतून खाल्ली गेली आहे का तेही तपासावे. गाडीचा मुख्य जोड काढून ठेवावा, कारण कंट्रोलर बंद असतानाही थोडी वीज घेत राहतो. आमच्या हवेत उभी बॅटरी महिन्याला दहा टक्के किंवा अधिकही उतरू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ग्रॅव्हिटी पाहून पूर्ण चार्ज द्यावा. तेवढा वेळ सोडून चार्जरचा प्लग भिंतीतून काढलेलाच असावा. आपल्याकडच्या विजा जूनच्या तोंडाला आणि ऑक्टोबरात सर्वांत जास्त नुकसान करतात.

जुना संच भंगारात फोडायला देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवा संच घेताना जुना त्याच विक्रेत्याला परत देऊन किमतीत सूट घ्यावी आणि पावतीवर तशी नोंद करून घ्यावी. परसात ओतलेले ॲसिड आणि शिसे जांभ्याच्या भेगांतून शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचायला एक पावसाळा पुरतो.