एचआयव्ही: सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा काउंट) फक्त ९६, तरी एआरटी (एचआयव्हीवरच्या गोळ्या) लगेच सुरू करत नाहीत. असं असतं का?

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

माझे धाकटे दीर, वय ४१, कोपरखैरणेला राहतात, महापे एमआयडीसीत नोकरी. नुकतेच एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. सीडी-४ ९६. गेल्या वर्षी कमरेला नागीण झाली होती, तेव्हा सासूबाईंनी गेरू लावला. पुढे तोंडात पांढरा थर, जुलाब, वजन उतरत गेलं. टायफॉइडची तपासणी झाली, शुगरची झाली, एंडोस्कोपीसुद्धा झाली. संसारी, निर्व्यसनी माणूस, म्हणून एचआयव्हीची टेस्ट कुणाच्या डोक्यातच आली नाही. (निर्व्यसनी असण्याचा इथे काय संबंध, ते एक देव जाणे.)

आता एआरटी सेंटरचे डॉक्टर म्हणतात, आधी टीबी आणि क्रिप्टोकोकस (एक बुरशी) यांची तपासणी, मग गोळ्या. खोकला आहे, डोकंही दुखतं. घरचे चिडलेत: काउंट एवढा खाली आणि वर थांबा म्हणतात! खासगीत नेऊन उद्याच सुरू करावी का? जाऊबाईंची टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे काळजी मिटली का? आणि कंपनीत कळेल का?

प्रतिसाद १
ताई, मी डॉक्टर नाही, समुपदेशनाचं काम केलंय. पण हे डॉक्टर बरोबर सांगताहेत, खासगीत पळू नका. एरवी एआरटी निदान झालं त्याच दिवशीही सुरू करतात. मात्र सीडी-४ २००च्या खाली म्हणजे आजार पुढे गेलेला, आणि १००च्या खाली तर क्रिप्टोकोकसचा मेंदूज्वर लपून बसलेला असू शकतो. एआरटीने प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि त्या जंतूवर तुटून पडते, त्यातून सूज येते. ही सूज मेंदूच्या आवरणात आली तर जिवावर बेततं. मेंदूज्वर निघाला तर आधी त्याचे उपचार आणि एआरटी ४ ते ६ आठवड्यांनी. फक्त फुप्फुसाचा टीबी असेल तर टीबीची औषधं सुरू झाल्यावर २ आठवड्यांच्या आत. डोकेदुखीचं डॉक्टरांना सांगितलंय ना? नसेल तर आजच सांगा. कोट्रायमोक्साझोल (इतर जंतुसंसर्ग टाळणारी गोळी) दिली असेल तर ती मात्र रोज घ्यायचीच.

जाऊबाईंची टेस्ट शेवटच्या संबंधानंतर ३ महिन्यांनी पुन्हा करा, आणि दिरांच्या रक्तात विषाणू सापडेनासा होईपर्यंत कंडोम.

कंपनीचं: २०१७च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणंही बेकायदा आहे. अडलं तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे.

प्रतिसाद २
माझा सीडी-४ ६० होता. आज रोज ठाणे-सीएसएमटी लोकलने उभा प्रवास करतो. काउंट सावकाश चढतो, दर वेळी आकडा बघून हिरमुसू नका. ६ महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) करतात, तो जास्त महत्त्वाचा. तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही.

धागाकर्ती
खूप आभार. रक्तातला क्रिप्टोकोकस निगेटिव्ह, थुंकीत टीबी निघाला. टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, एआरटीची तारीखही मिळाली. पण डोल्युटेग्रॅविरची (एआरटीतलं एक औषध) एक जास्तीची गोळी लिहिलीय, चूक तर नाही?

प्रतिसाद १
चूक नाही. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्रॅविरचं रक्तातलं प्रमाण कमी करतं, म्हणून १२ तासांनी दुसरी गोळी. टीबीचा कोर्स संपला तरी डॉक्टर सांगेपर्यंत ती बंद करू नका.