बेळगावात राहून विमानाच्या माइल्सचं क्रेडिट कार्ड घ्यावं का?

टिळकवाडीकर
बेंगळूरला नोकरी करणारी आपली पोरं सणाला घरी आली की आईवडिलांनाही माइल्सचं कार्ड, म्हणजे खर्चावर विमानाच्या तिकिटासाठी वापरायचे पॉइंट (माइल्स) देणारं कार्ड, घ्यायला लावतात. माझं मत स्पष्ट आहे : बेळगावातल्या पगारदारानं ते घेऊ नये.

हिशेब मांडतो. महिन्याला ५० हजार खर्च, म्हणजे वर्षाला ६ लाख. शंभर रुपये खर्चाला २ माइल्स धरले तर १२,००० माइल्स. माइल एक रुपयाचा धरा, झाले १२ हजार. फी ५ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५,९०० गेले. उरले ६,१००. तेच हजार रुपये फीचं, दीड टक्का कॅशबॅक (खर्चातले पैसे परत) देणारं कार्ड असेल तर ९,००० मधून १,१८० वजा जाऊन ७,८२० हातात. शिवाय सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, उडतात इंडिगो आणि स्टार एअर. एअर इंडियाचे पॉइंट साठवायचे आणि वापरायला आधी गोवा नाहीतर बेंगळूर गाठायचं, हे कशासाठी?

उद्यमबाग_फौंड्री
तुमचा हिशेब देशातल्या तिकिटाचा आहे काका. माइल एक रुपयाचा धरलात तिथंच निकाल लागला. माझी मुलगी जर्मनीत शिकते. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळं एअर इंडियाचे पॉइंट लुफ्थान्सावरही चालतात. परदेशच्या बिझनेस क्लासला रोखीत लाखाच्या वर मोजावे लागतात. तिथं माइलची किंमत रुपयाच्या बरीच वर जाते.

आणि खर्च धंद्याचा असतो. कार्बाइड इन्सर्ट, ग्राइंडिंग व्हील, प्रदर्शनाला गेलं की हॉटेल, सगळं कार्डावर. चोर्ला घाट उतरून गोव्याचा मोपा विमानतळ गाठायला मला काही जड वाटत नाही.

निपाणीची_सूनबाई
मुळात महिन्याला ५० हजार कार्डावर होणार कसे? बऱ्याच कार्डांवर पेट्रोल आणि घरभाड्याला माइल्स मिळतच नाहीत. आमच्या बाजारात किराणावाला, भाजीवाला, कापडवाला सगळे क्यूआर पुढं करतात. यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, व्हिसा-मास्टरकार्ड नाही. ते रुपेही दुकानदारालाच चालतं, घरमालकाच्या खात्यावर पाठवता येत नाही. कार्ड आधी रुपे आहे का ते बघा, माइल्सचं नंतर.

टिळकवाडीकर
हा मुद्दा माझ्या बाजूचाच.

उद्यमबागवाल्यांना विचारतो : पॉइंटवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात, कर आणि इतर शुल्क रोखच भरावं लागतं, हे धरलंत का? जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट वळते करून दिले हे खरं, पण विस्ताराच्या नावाची कार्डं बँकांना गुंडाळावी लागली. ज्यांनी तिकिटाचा विचार करून ते कार्ड घेतलं, त्यांचा बेत बदलला की नाही?

शहापूरचा_निवृत्त_कॅशियर
तुम्ही दोघंही पूर्ण बिल भरणाऱ्याचं बोलताय. काउंटरवर बसून पाहिलंय, लोक ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरतात आणि निर्धास्त होतात. उरलेल्या रकमेवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. त्यात एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. काही महिन्यांच्या व्याजात वर्षभराचे माइल्स वाहून जातात. ज्याचा पगार महिनाअखेर पुरत नाही त्यानं दोन्ही कार्डांपासून लांब राहावं.

उद्यमबाग_फौंड्री
कॅशियरकाका, तुमचं शंभर टक्के मान्य. बिल ऑटो-डेबिटला लावल्याशिवाय मीही कुणाला कार्ड घ्या म्हणत नाही.

विस्ताराबद्दल मात्र उत्तर आहे. एका कंपनीच्या नावाचं कार्ड घ्यायचंच कशाला? बँकेचे स्वतःचे पॉइंट, जे हव्या त्या विमान कंपनीकडं वळवता येतात, तसलं कार्ड घ्या. पॉइंट बँकेतच ठेवायचे. आधी जागा मिळते का ते बघायचं, मगच वळवायचे, कारण एकदा वळवले की परत येत नाहीत. एक कंपनी बुडाली तरी दुसरी असते.

टिळकवाडीकर
बँकेचे पॉइंट, हे पटलं. धंदेवाल्यांसाठी. पगारदाराला मी कॅशबॅकच सांगेन.

ज्यांनी आधीच भारी फीचं कार्ड घेतलंय त्यांनी पुढची फी लागायच्या आत बँकेला लेखी कळवावं. कार्डावर थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. त्याआधी साठलेले पॉइंट वापरून टाका.